भिंत नसलेलं पाणी

दौलतगंजातल्या पन्नाशी उलटलेल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, "तुम्हाला पोहायला कुणी शिकवलं हो?" तो आधी हसेल, मग त्याचा हात आपोआप मानेमागे जाईल, आणि मग म्हणेल, "भोईटे मास्तरांनी." हात मानेमागे का, तर कृष्णराव भोईटे पोराला मानगुटीला धरूनच पाण्यात सोडत. पोरगं कितीही ओरडलं तरी हे शांत. वरून म्हणायचे, "ओरड बेटा, ओरडल्यानं छाती उघडते."

मास्तर हे नाव बावडीनं, म्हणजे आमच्या पायऱ्यांच्या विहिरीनं दिलेलं. नोकरी म्हणाल तर वीज खात्यात, खांबावर चढायची. त्यांचे कुणी खापरपणजोबा साताऱ्याकडून घोड्यावर बसून इकडे आले होते म्हणतात. पुढे फौज गेली, घोडी गेली, राहिलं ते आडनाव आणि दसऱ्याला डोक्यावर चढणारी पगडी. पण उन्हाळा लागला की सकाळी सकाळी कृष्णराव कमरेला पंचा गुंडाळून, खांद्यावर दोन वाळलेले भोपळे टाकून गल्लीतून निघाले की मागे पोरांची रांग लागे. नव्या पोराच्या पाठीला भोपळा बांधायचा, पंधरा दिवसांनी तो सोडायचा, आणि ज्या दिवशी भोपळा सुटला त्या दिवशी त्या घरून गूळ-खोबरं यायचं. एवढीच काय ती दक्षिणा.

ती बावडी तुम्ही पाहिली असती तर समजलं असतं. गोल, खोल, सगळीकडून काळा दगड. बरोबर मधोमध पाण्यातून वर आलेला एक दगडी खांब आणि खांबाच्या कोनाड्यात खंडोबा. आता देव मधोमध बसलाय म्हटल्यावर त्याला डाव्या हाताला ठेवून कोण पोहेल? तर रीतच पडून गेली होती. देव उजव्या हाताला, भिंत डाव्या. प्रदक्षिणा घालत जायचं. मास्तर पुढे, मागे ओळीनं सगळे, आणि मास्तरांच्या पुढे कुणी जायचं नाही. दम लागला तर डावा हात लांब करायचा, भिंत आहेच. दोन पिढ्या अशा फिरल्या. मास्तर किती फिरले असतील त्याचा हिशेब त्या खंडोबालाच ठाऊक.

मग पाणी आटत गेलं, कुणीतरी वरून लोखंडी जाळी बसवून दिली, आणि मास्तर घरी बसले.

फाल्गुनात, होळीच्या आधी, महिपतराव आणि गरिमा त्यांच्याकडे आले. महिपतराव म्हणजे बाड्यावरच्या, मुख्य चौकातल्या, बँकेतून निवृत्त झालेले, पोट सुटलेले, एके काळी बावडीत सगळ्यांत मोठ्यानं रडलेले गृहस्थ. आणि गरिमा ही मास्तरांनी शिकवलेली पहिली मुलगी. तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती, आज ती थाटीपुरातल्या एका शाळेत खेळ शिकवते.

"मास्तर, पंच्याहत्तरी आहे तुमची," महिपतराव म्हणाले. "शाल-श्रीफळ नाही करायचं आम्हाला. शाली तुमच्याकडे गठ्ठाभर असतील."

"चार आहेत. तिनांना कसर लागली," आतून उषाताई म्हणाल्या.

"म्हणून आम्ही ठरवलंय," गरिमा पुढे सरकली, "नावेतून पिकनिक! सिरसा ताल म्हणून मोठं तळं आहे, तिथे एक जण छोट्या ग्रुपला दिवसभर नावेतून फिरवतो. मधे टापू आहेत. टापूवर उतरायचं, पोहायचं, जेवायचं, पुढच्या टापूवर जायचं. तिघऱ्याच्या धरणात मगरी, चंबळेत तर विचारूच नका, पण तिथे काही नाही. मी स्वतः जाऊन बघून आले न."

"आणि एका टापूवरून दुसऱ्या टापूवर पोहत जायचं," महिपतराव म्हणाले. "तुम्ही पुढे, आम्ही मागे. अगदी बावडीत जायचो तसं. सदाशिव आणि तरुण, बावडीतले दोघंही येतायत. प्रोग्राम पक्का!"

कृष्णराव म्हणाले, "वा! छान!" आणि चहाचा कप तोंडाला लावला. कप केव्हाच रिकामा झाला होता. हे फक्त उषाताईंनी पाहिलं.

कारण सबंध दौलतगंजात एकट्या उषाताईंनाच ठाऊक होतं की हा माणूस त्या बावडीबाहेर आयुष्यात कधीही पोहलेला नाही.

खोटं नाही सांगत. लग्न झाल्या वर्षी दोघं ओंकारेश्वरला गेले. नर्मदा समोर, घाट भरलेला, आणि कृष्णराव पायरीवर बसून लोट्यानं अंघोळ करतायत. म्हणे, पंचा विसरला. पंचा उषाताईंच्या पिशवीत होता. मग मेहुण्याच्या लग्नात वऱ्हाड सिंध नदीच्या काठी उतरलं. जवान पोरं पाण्यात धिंगाणा घालतायत, आणि हे वरून सगळ्यांच्या चपला राखतायत. पुढे गणपतीपुळ्याला गेले तेव्हा समुद्रात घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले की खारं पाणी डोळ्यांना फार वाईट. तिथे उषाताईंनी विचारलंच, "अहो, भीती वाटते का?" तेव्हा पहिल्यांदा खरं बोलले. "अगं, पाण्याची नाही वाटत. पण ह्याला भिंत कुठेय?"

पाहुणे गेल्यावर उषाताई तांदूळ निवडायला बसल्या. म्हणाल्या, "सांगून टाका न सरळ. पोरं आपलीच आहेत."

"काय सांगू? की ज्यानं तुमच्या मानगुट्या धरून तुम्हाला पाण्यात फेकलं, तोच काठावर थरथरतो?"

"मग सर्दी झाली म्हणा."

"सर्दी काढून झाली. सिंधेला सर्दीच होती."

"सिंधेला पाय मुरगळला होता. सर्दी गंगेला होती," उषाताई म्हणाल्या. "बघा बाई, कारणंसुद्धा उरली नाहीत तुमच्याकडे."

कृष्णराव हसले, पण तेवढ्यापुरतंच. त्या माणसाकडे बंगला नाही, गाडी नाही, मुलगा पुण्याला. मास्तर ही एकच मिळकत होती, आणि ती सगळी आता एका तळ्यात न्यायची होती.

रंगपंचमीनंतरच्या रविवारी निघाले. गाडीत बसल्यापासून खाणं सुरू. सदाशिवरावांचं दौलतगंजात भांड्यांचं दुकान, त्यामुळे त्यांनी पितळेचा एवढा मोठा डबा आणला होता की तो मांडीवर घेऊन बसावं लागलं. त्यात दडपे पोहे. तरुण हे नाव असलेला तो त्या सगळ्यांत धाकटा, चाळिशीतला. तो रस्त्यातून बेडई, म्हणजे डाळ भरलेल्या पुऱ्या, बांधून घेऊन आला. "काकू, ये गरम-गरम खाऊन घ्या आधी, पोहे बाद में," म्हणाला. मास्तरांनी काहीच खाल्लं नाही. महिपतराव म्हणाले, "बघा रे, ह्याला म्हणतात शिस्त. पोहायच्या आधी रिकामं पोट." मास्तरांनी मान हलवली.

ताल मात्र बघण्यासारखं होतं हो! दोन टेकड्यांच्या मधे हिरवंगार, हलत नाही असं पाणी. मधे मधे टेकड्यांची डोकी वर राहिलेली, त्यांना तिथे टापू म्हणतात. एकावर पळस फुललेला, तो लांबूनच दिसे. नाववाला समरजीत, जवळच्याच गावचा ठाकूर, गळ्यात शिटी. त्यानं आधी सगळ्यांना नारिंगी जाकिटं वाटली.

"बाबूजी, जैकेट सबको पहनना पड़ेगा।"

"मास्तरांना जॅकेट?" महिपतराव हसायला लागले. "अरे भाई, हे कोण आहेत माहितीय का? हे म्हणजे... काय सांगू, माशाला छत्री देण्यासारखं झालं!"

"मछली हो चाहे मगरमच्छ, मेरी नाव में बैठेगा तो पहनेगा," समरजीत म्हणाला.

कृष्णरावांनी इतक्या झटकन जाकीट अंगात घातलं की समरजीतलाच आश्चर्य वाटलं.

नाव सोडायच्या आधी उषाताईंनी तालाची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ सगळं घरून आणलेलं. पाण्याला हळद-कुंकू वाहिलं, हात जोडले आणि पुटपुटल्या. काय मागितलं ते त्यांनी सांगितलं नाही. पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, त्यावरून समजून घ्या.

पहिल्या टापूवर मोठे मोठे खडक, आणि खडकांच्या कुशीत कमरेएवढ्या पाण्याचं एक तळं तयार झालेलं. तिथे सगळे डुंबले. मास्तरसुद्धा! तिथे हाताशी दगड होते, मग काय. उताणे पडून तरंगले, तरुणच्या तोंडावर पाणी मारलं, महिपतरावांना म्हणाले, "पोट आत घे, पाणी बाहेर चाललंय सगळं." अशी मजा चालली होती. एक पांढरा बगळा शेजारच्या दगडावरून सगळं पाहत होता. उषाताई पाय पाण्यात सोडून संत्रं सोलत होत्या. मास्तरांना वाटलं, एवढ्यावरच दिवस मावळला तर किती बरं.

तेवढ्यात गरिमा म्हणाली, "चला मास्तर. पळसाचा टापू."

तो टापू समोरच होता. आपल्या बावडीएवढ्या बावड्या एकीपुढे एक मांडत गेलं तर दहा-बारा मावतील एवढं पाणी मधे. समरजीतनं जाकिटं उतरवून प्रत्येकाच्या कमरेला दोरीनं एकेक नारिंगी फुगा बांधला, थकलात तर धरायला. मास्तर म्हणाले, "अरे, हा तर आपला भोपळाच." सगळे हसले. समरजीत उषाताईंना घेऊन नाव मधे, जरा उजवीकडे नेऊन थांबला.

मास्तर खडकाच्या टोकाशी उभे राहिले. मागे ओळ लागली, महिपतराव, सदाशिवराव, गरिमा, तरुण, जुन्या सवयीनं ज्याच्या त्याच्या जागेवर. खाली पाणी काळंनिळं. कृष्णरावांनी डावीकडे पाहिलं. पाणीच पाणी, पार त्या टेकडीपर्यंत. त्यांनी डोळे मिटले, मनात "येळकोट" म्हटलं आणि पाण्यात शिरले.

पोहणं काय विचारता! त्या वयातही हात असा पडे की पाण्याला ओरखडा नाही. मागचे चौघे एकमेकांच्या टाचांकडे बघत निघाले. मास्तर पुढे आहेत म्हणजे रस्ता बरोबरच असणार, मान वर करून बघायची कुणाला गरज? पाचही फुगे एका माळेत चालले होते, आणि नावेतून उषाताई पाहत होत्या. माळ सरळ निघाली. मग किंचित उजवीकडे वळली. मग आणखी वळली.

"अम्माजी," समरजीत म्हणाला, "ये लोग जा किधर रहे हैं?"

माळ नावेच्या पुढून गेली, नावेच्या पलीकडून वळली, मागून आली.

"अम्माजी, ये तो नाव की परिक्रमा कर रहे हैं!"

तेव्हा उषाताईंना हसू आवरेना. पदर तोंडाला लावला तरी खांदे हलत होते. आणि हसता हसता डोळेही भरून आले, कारण पुढे काय होणार हे त्यांना दिसत होतं.

कृष्णरावांच्या हाताला दगड लागला. पोचलो! त्यांनी डोळे उघडले. समोर बगळा. तोच बगळा, तोच दगड, आणि दगडावर संत्र्याची सालं.

मागून एकेक जण येऊन खडकाला लागला. क्षणभर सगळे इकडेतिकडे बघत राहिले. मग महिपतरावांनी कपाळावरचं पाणी पुसलं आणि हात जोडले.

"वा मास्तर! वा! आधी प्रदक्षिणा, मग प्रवास. आमच्या ध्यानातच आलं नसतं!"

"बावडीतली रीत," सदाशिवराव गहिवरून म्हणाले. "एवढ्या मोठ्या पाण्यातसुद्धा मोडली नाही. आणि मधे काकू! क्या बात है."

तरुणनं तर ओल्या हातानं मास्तरांचे पाय शिवले.

आता बघा, किती सोपं होतं. नुसतं हसून मान डोलवायची. म्हणायचं, झाली माझी प्रदक्षिणा, आता तुम्ही पोरं पुढे व्हा, मी जरा बसतो. मास्तर हे नाव जसंच्या तसं राहिलं असतं, उलट वाढलं असतं. महिपतरावांनी घरोघरी जाऊन सांगितलं असतं. कृष्णरावांनी नावेकडे पाहिलं. उषाताई तोंडावरचा पदर काढून नुसत्या बघत होत्या. त्यांना इतक्या लांबून ऐकू येत नव्हतं, पण काय चाललंय ते कळत होतं.

कृष्णराव म्हणाले, "प्रदक्षिणा नव्हती रे ती."

"मग?"

"मी सरळच चाललो होतो. निदान मला तसं वाटत होतं." ते खडकावर बसले. "मला सरळ जाता येत नाही. बावडी सोडून कुठे पोहलोच नाही कधी. भिंत नसली की मला भीती वाटते. पहिल्यापासून. आता हसा."

कुणी हसलं नाही. बगळा तेवढा उडाला. शेवटी गरिमानं तोंड उघडलं, तेही खाली बघत.

"मास्तर, एक सांगू? रागावणार नाही न? कॉलेजात होते तेव्हा पोहण्याच्या स्पर्धेत मला बाहेर काढलं होतं. मी प्रत्येक वेळी उजवीकडच्या मुलीच्या पट्ट्यात घुसायची. त्या बिचारीला दोनदा लाथ बसली माझी."

"हे तू मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हाला कसं सांगणार? मला वाटलं माझ्यातच काही खोट आहे."

"थांब, थांब," सदाशिवराव म्हणाले. "मी हरिद्वारला घाटाच्या ह्या टोकाला उतरलो आणि दुसऱ्याच कुणाच्या कुटुंबात जाऊन निघालो. बायको अजून बोलते."

"आणि मी गोव्याला," तरुण म्हणाला, "अरे यार, समुद्रात आत गेलो, वाटलं खूप दूर आलो, और देखा तो हॉटेलच्या पुढ्यात वापस! मला वाटलं लाटांनी आणलं."

सगळ्यांनी महिपतरावांकडे पाहिलं. ते खडकावरची संत्र्याची सालं गोळा करू लागले. मग म्हणाले, "मी बावडी सुटल्यापासून कुठे पोहलोच नाही. बँकेच्या ट्रिपला लोक पाण्यात गेले की मी पिशव्या सांभाळतो."

"चपला पण सांभाळत जा," कृष्णराव म्हणाले. "वेळ चांगला जातो."

तेव्हा जो हशा झाला म्हणता! महिपतराव हसता हसता खडकावरून घसरून पाण्यातच गेले. नावेतून समरजीतनं घाबरून शिटी वाजवली.

हसणं ओसरल्यावर कृष्णरावांनी पळसाच्या टापूकडे पाहिलं. भीती काही गेली नव्हती. ती होती तिथेच होती. पण आता ती एकट्याची राहिली नव्हती, एवढा फरक.

"गरिमा," ते म्हणाले, "तू आता सरळ जातेस?"

"जाते. शिकले नंतर. मधून मधून मान वर करून समोरचं झाड बघायचं. झाड सरकलं तर आपण वाकडे चाललो. बस, एवढंच."

"मग तू पुढे हो."

ती मागेच सरकली. "मास्तर, नाही! तुमच्या पुढे?"

"अगं, हो म्हणतो न."

"तुमच्या पुढे आजपर्यंत कुणी गेलंय का? मी नाही जाणार. तुम्ही माझ्या शेजारून चला हवं तर."

"शेजारून नको. मला कुणाच्या तरी टाचा दिसायला हव्यात, माझ्या पुढे कधी कुणी नव्हतंच ना," कृष्णराव म्हणाले. मग जुन्या आवाजात, बावडीच्या वरच्या पायरीवरून घुमायचा त्या आवाजात ओरडले, "गरिमा! पाण्यात!"

ती सुरकन पाण्यात गेली. त्या आवाजापुढे तिला दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं.

कृष्णराव तिच्या मागे. डोळे उघडे ठेवून. समोर तिच्या टाचा, पांढऱ्या, वर-खाली होणाऱ्या. मधे एकदा डावा हात आपोआप लांब गेला आणि रिकाम्या पाण्यात पडला. ते थांबले, उताणे झाले, फुगा छातीशी धरला. वर आभाळ, एक घार. कानांत पाणी, त्यामुळे सगळं शांत.

"मास्तर?" मागून महिपतरावांचा धापा टाकणारा आवाज आला. "काय झालं?"

"काही नाही. बघतोय."

"काय बघताय?"

"किती मोठं आहे ते."

मग पालथे झाले, मान वर केली, झाड पाहिलं. झाड डावीकडे सरकलं होतं. त्यांनी झाड पुन्हा नाकासमोर आणलं आणि हात मारला. पुन्हा सरकलं, पुन्हा आणलं. असं करत करत पायाला चिखल लागला, मग वाळू, मग गवत. गरिमा काठावर उभी होती, हात पुढे करू की नको अशी. त्यांनी स्वतःहून तिचा हात धरला आणि वर आले. बसले. समरजीतनं नाव आणून लावली, उषाताई उतरल्या आणि पंच्यानं त्यांचं डोकं खसाखसा पुसू लागल्या.

"अगं हळू. मी काय लहान आहे?"

"गप्प बसा. आता पोहे खा. सकाळपासून उपाशी, आणि म्हणे शिस्त."

त्यांनी दोनदा मागून घेऊन पोहे खाल्ले, बेडई खाल्ली, वर तिळगुळाचा गजकही खाल्ला. पळसाखाली सगळे आडवे झाले. फुलं अंगावर पडत होती. कृष्णरावांना झोप येईना. त्यांनी गरिमाला उठवलं आणि विचारलं, श्वास उजवीकडूनच घेतो म्हणून तर आपण उजवीकडे वळत नाही? मग दोघं काठाच्या पाण्यात उतरून डावीकडून श्वास घ्यायचा सराव करू लागले. नाकातोंडात पाणी गेलं, ठसका लागला. "ओरडा मास्तर," ती म्हणाली, "ओरडल्यानं छाती उघडते." त्यांनी तिच्या तोंडावर ओंजळभर पाणी फेकलं.

उन्हं कलली तेव्हा समरजीतनं परतायला जाकिटं पुन्हा पुढे केली. मास्तर म्हणाले, मी नावेत येत नाही. मग बाकीचेही येईनात. शेवटी एकट्या उषाताईच नावेत बसल्या, सगळ्यांचे कपडे आणि तो पितळेचा डबा घेऊन.

ह्या वेळी ओळ नव्हती. पाच जण पाच बाजूंनी पाण्यात शिरले, कुणी पुढे गेलं, कुणी मागे राहिलं, कुणी वाकडं जाऊन मग झाड बघून परत आलं. एकमेकांना हाका मारणं चाललं होतं. पश्चिमेचं ऊन पाण्यावर पडून नुसतं चमचमत होतं आणि त्या चकाकीत पाच डोकी तेवढी दिसत होती.

समरजीतनं डोळ्यांवर हात धरला. "अम्माजी, इनमें गुरुजी कौन से हैं?"

उषाताईंनी इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, चष्मा पदरानं पुसून पाहिलं.

"रुको बेटा," त्या म्हणाल्या, "समझ में ही नहीं आ रहा."